‘मुलांनाच आवड नाही’ हे उत्तर मान्य करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा ग्वाल्हेरच्या एका खासगी शाळेत यंदा नववीत गेला. आठवीपर्यंत आठवड्याला एक संगीताचा तास होता, नववीपासून तो बंद झाला. विचारल्यावर शाळेने सांगितलं, ‘आम्ही फॉर्म फिरवला होता, पाच-सहा जणांनीच नाव दिलं, मुलांनाच आवड नाही.’ मुलगाही काही महिन्यांपासून गात नाही; आवाज फुटलाय, लाजतो. अशा वेळी शाळेशी बोलण्यात अर्थ आहे का, की सरळ बाहेर क्लास लावावा?

ताई, शाळेशी जरूर बोला. क्लास लावायचा तर तोही लावा, पण क्लास लावला म्हणजे शाळेचा प्रश्न मिटला असं समजू नका. माझी सगळी नोकरी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शाळांमधून सहावी ते दहावीच्या मुलांना गाणं शिकवण्यात गेली. हा तास कसकसा आटत गेला ते आतून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात: शाळेने तास बंद केला आणि मुलाने गाणं बंद केलं. मला दोन्हींचं मूळ एकच दिसतं. शाळेने तो फॉर्म फिरवला आठवीच्या शेवटी, म्हणजे मुलं तेरा-चौदा वर्षांची असताना. वर्गातल्या कितीतरी मुलग्यांचा आवाज नेमका तेव्हा फुटत असतो. सकाळी उठल्यावर आज आपल्या गळ्यातून काय निघणार हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात कागद द्यायचा आणि विचारायचं, संगीत घेणार की कॉम्प्युटर? तो कॉम्प्युटरच लिहिणार. मग ते नकार मोजायचे आणि त्या आकड्यावर तास बंद करायचा. हाच फॉर्म सहावीत फिरवला तर चित्र अगदी उलटं दिसेल. सहावीची मुलं हात वर करून करून गायला येतात, हे कुठल्याही संगीत शिक्षकाला विचारा. अकरावीत गेलेली तीच मुलं स्वतःच्या पैशाने गिटारचा क्लास लावतात. मधली दोन-तीन वर्षं अवघड असतात, आणि निर्णय मात्र त्याच वर्षांत घेतला जातो.

मुलग्यांचं स्वरयंत्र या वयात झपाट्याने वाढतं. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. कुणाचं हे काही महिन्यांत आटपतं, कुणाला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर सवय जुन्या गळ्याची आणि गळा नवा, असं चाललेलं असतं. सूर लावायला जावं तर घसरतो, मध्येच चिरकतो, काही स्वर तर लागतच नाहीत. मुलींचाही आवाज थोडा खाली येतो, काही दिवस त्यात श्वास मिसळल्यासारखा वाटतो. पण तो फुटत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ‘हिचा आवाज हल्ली लागत नाही’ म्हणून तिलाही मागच्या रांगेत उभं करतात.

या वयाला शिक्षकाने शिकवण्याची पद्धत बदलावी लागते, आणि ती बदलता येते. आवाज न फुटलेली मुलं आणि मुली काळी चार-पाचला, म्हणजे पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी सा धरून, गातात. आवाज पूर्ण उतरला की मुलगे काळी एकच्या आसपास येतात. एकाच वर्गात हे सगळे असतात, म्हणून पुष्कळ शिक्षक हात टेकतात. माझी रीत अशी होती: षड्ज, म्हणजे सा, काळी चार धरायचा आणि गाणं सा ते पंचम, म्हणजे प, एवढ्यातच ठेवायचं. एवढी जागा मुलींना खालची असली तरी जमते, आवाज उतरलेल्यांना जराशी वरची पण जमते, आणि ज्यांचा आवाज फुटतोय त्यांना बहुधा नेमकी हीच शिल्लक उरलेली असते. ज्याला पंचमाला ताण पडतो त्याने गंधारावर, म्हणजे ग वर, थांबायचं. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, वर्षभर कुणाकडून मागायचा नाही. भूप रागाचे साधे पलटे, म्हणजे स्वरांच्या छोट्या रचना, सारेग सारेग, रेगप रेगप, एवढ्यात पस्तीस-चाळीस मुलांचा वर्ग एका सुरात येतो. आणि तो आला की मागच्या बाकावरचा घोगऱ्या आवाजाचा मुलगा पहिल्यांदा मान वर करून बघतो.

आणि ज्याला अजिबातच गायचं नाही, त्याच्यासाठी ताल आहे. तबल्याची पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, याला सूर लागत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता रिकामा हात. अर्ध्या वर्गाने ‘धा धिं धिं धा’ ठाय, म्हणजे संथ लयीत म्हणत राहायचं, उरलेल्या अर्ध्याने तेच बोल दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगाने म्हणायचे आणि दोघांनी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर एकत्र यायचं. पहिल्या दिवशी सगळे कोसळतात. तिसऱ्या आठवड्यात तेच पोर जिन्यावरून उतरताना धा धिं धिं धा म्हणत उतरतं. रूपक ताल आला की आणखी मजा, कारण त्याची पहिलीच मात्रा खालीची, टाळी द्यायला गेलेला हात हवेतच थांबतो. तराणा म्हणजे अर्थ नसलेल्या बोलांचं गाणं; त्याचे बोलही या वयाला फार उपयोगी पडतात. शब्दांचा संकोच नसतो, अर्थाची लाज वाटत नाही, ‘तन देरे ना’ नुसतं लयीत म्हटलं तरी अंगात चढतं. तराणा ही तर आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीची खास चीज. ती ग्वाल्हेरच्याच मुलांना नववीत भेटू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

तासाची शेवटची सात-आठ मिनिटं ऐकण्याची. एकच ध्वनिमुद्रण, तेही तुकड्याने, आणि दोनच प्रश्न: सम कुठे आली, आणि गायक कुठल्या स्वरावर जास्त थांबला. गायिका मालिनी राजूरकरांचा टप्पा, म्हणजे भरभर तानांचा गायनप्रकार, ऐकवला की पोरं विचारतात, बाई, हे इतकं भरभर कसं जमतं? तिथून गळ्याच्या तयारीची गोष्ट निघते, आणि आवाज फुटलेल्या मुलालाही कळतं की गळा हा घडवायचा असतो, नुसता मिळालेला नसतो.

आता तास का जातो, त्याकडे येते. मुलांच्या आवडीचा त्यात वाटा फार थोडा आहे.

पहिलं कारण पदांचं. संगीत शिक्षक निवृत्त झाला की ते पद तसंच राहतं. गणिताचं पद रिकामं राहिलं तर आठ दिवसांत पालक येतात. संगीताचं राहिलं तर कुणीच येत नाही. मग त्या पदावर दुसऱ्या विषयाचा अतिथी शिक्षक येतो, संगीताची खोली स्टोअररूम होते, आणि दोन पावसाळ्यांत पेटीचा भाता कुरतडला जातो. नवा शिक्षक शोधायला गेलं तर दुसरीच अडचण: संगीतात एम.ए. केलेल्याकडे बी.एड. नसतं, आणि बी.एड. झालेल्याला संगीत येत नसतं. शहरात संगीताचं विद्यापीठ असताना शाळांना शिक्षक मिळत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे.

दुसरं कारण कायद्यातल्या आणि परिपत्रकांतल्या मोकळ्या जागांचं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक असावा असं म्हटलंय. पण हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. आठवी संपली की त्याचा आधारही संपतो. केंद्रीय विद्यालयांत संगीत शिक्षकाचं पद आहे, पण ते प्राथमिक विभागात. सीबीएसईने २०१९मध्ये कलाशिक्षणासाठी आठवड्याला किमान दोन तास ठेवायला सांगितलं आणि त्याच वेळी इतर विषयांत कला मिसळून शिकवण्यावर भर दिला. कल्पना चांगली आहे. शाळांत मात्र घडलं असं की भूगोलाचा तक्ता रंगवला, झाली कला. तक्ता भिंतीवर लावता येतो, तपासणीला आलेल्यांना दाखवता येतो. तीनताल भिंतीवर लावता येत नाही. ‘कला’ या एका रकान्यात चित्रकला, नाट्य, नृत्य आणि संगीत सगळं कोंबलं की सगळ्यात सोपं ते उरतं.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खुपतं, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. शाळांनी तासाच्या जागी कार्यक्रम आणला. पंधरा ऑगस्ट, वार्षिक स्नेहसंमेलन, पाहुणे आले की स्वागतगीत. दोन आठवडे आधी दहा चांगल्या गळ्याच्या मुलांना वर्गातून उचलायचं, बाहेरून कुणाला तरी बोलवायचं, एक गाणं घोटून घ्यायचं. ट्रॅक लावून नाच बसवायचा. फोटो छान येतात. वर्षभर शाळेत संगीत आहे असं सगळ्यांना वाटत राहतं, आणि बाकीची पाचशे मुलं एकदाही तोंड उघडत नाहीत. सकाळची प्रार्थनासुद्धा आता पुष्कळ ठिकाणी पेन ड्राइव्हवर वाजते. एका शाळेत मी पाहिलं, स्पीकरवर बाईच्या आवाजातली प्रार्थना आणि खाली नववी-दहावीचे मुलगे ओठ मिटून उभे. तो सूर त्यांच्या आवाक्यातलाच नव्हता. दोन सूर खाली धरून पेटीवर प्रार्थना घेतली असती तर तीच मुलं गायली असती. रोजची दहा मिनिटं, कसलाही वेगळा खर्च नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतंय असंही नाही. इंग्लंडमध्ये २०१०पासून शाळांची कामगिरी ठरावीक विषयांवरून मोजायला लागले, त्यात संगीत नव्हतं. पुढच्या वर्षांत तिथे दहावीच्या बरोबरीच्या परीक्षेला संगीत घेणारी मुलं कमी होत गेली. जे मोजलं जातं त्याला वेळापत्रकात जागा मिळते. म्हणून म्हणते, मुलांच्या आवडीकडे बोट दाखवणं सोडून द्या, वेळापत्रक बघा.

आपल्या गावाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्वाल्हेर घराण्याचे गवई हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या काळात गाणं घराण्यात, एकाला समोर बसवून शिकवलं जायचं. ते गाणं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेलं, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य घरांतल्या मुलांना दिलं. ग्वाल्हेरमध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४मध्ये आपलं विद्यालय सुरू केलं. १९१८मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पाठिंब्याने आणि संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय उघडलं, राजाभैया पूंछवाल्यांसारखे गवई तिथे वर्ग घ्यायला उभे राहिले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्याला वर टिंब: भातखंड्यांची स्वर लिहायची ही लिपी फळ्यावर खडूने लिहिता येते, तीस मुलं एकदम वाचू शकतात. मोठमोठ्या गवयांनी त्या काळी खाली उतरून, वर्गात उभं राहून, गळा नसलेल्या मुलांनाही शिकवायचं मान्य केलं, हे मला घराण्याच्या कीर्तीपेक्षाही मोठं काम वाटतं. ऑक्टोबर २०२३मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतासाठी सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतलं. हा मान तानसेन समारोह या इथल्या संगीत महोत्सवामुळे, घराण्यामुळे आला. तो टिकवायची जागा मात्र नववीचा वर्ग आहे. समारोहात हजिऱ्याच्या, म्हणजे तानसेनाच्या समाधीजवळच्या मंडपात पुढच्या वीस वर्षांनी कोण बसणार? गाणारे येतीलच, ते बाहेरून बोलावता येतात. ऐकणारे मात्र इथलेच लागतात.

म्हणूनच क्लास आणि शाळा ही वेगळी कामं आहेत असं म्हटलं. क्लासला जातो तो मुलगा ज्याच्या घरी आधीच गाणं आहे, फी भरायची ऐपत आहे आणि संध्याकाळी सोडायला कुणी मोकळं आहे. शाळेच्या तासाला सगळे बसतात: भाजीवाल्याचा मुलगा, वकिलाची मुलगी, ज्याला गाता येत नाही असं घरच्यांनी ठरवून टाकलंय तोसुद्धा. पूर्वी आपल्या मराठी घरांतल्या मुलांच्या कानावर गणेशोत्सवातल्या मैफली, ढोलीबुवांच्या मठातली हरिकथा, घरची भजनं पडत होती. शाळेने एखादं वर्ष कमी केलं तरी निभावत होतं. आता घर आणि गल्ली दोन्हीकडून ते कमी झालंय, तेव्हा शाळेची गरज उलट वाढलीय. क्लासमध्ये आणखी एक भानगड असते, परीक्षांची. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, एकामागून एक प्रमाणपत्रं गोळा होतात, ठरलेले राग ठरलेल्या तानांसकट पाठ होतात. अशा मुलांना अनोळखी रागाचा आरोह-अवरोह दिला तर चार सुरावटी स्वतःच्या मनाने करता येत नाहीत. सगळे क्लास असे नसतात. पण निवडताना हे बघून घ्या.

शाळेशी बोलताना एक गोष्ट पक्की धरा: संगीत ‘विषय’ सुरू करा असं मागू नका. विषय म्हटलं की बोर्डाची नोंदणी, प्रात्यक्षिक परीक्षा, किमान विद्यार्थी, सगळे अडथळे पुढे येतात आणि बोलणं तिथेच संपतं. सीबीएसईत नववी-दहावीला हिंदुस्थानी गायन, स्वरवाद्य आणि तालवाद्य हे विषय घेता येतात हे खरं. ती पुढची पायरी. आधी मागायचा तो सगळ्या वर्गाचा आठवड्यातला एक तास, ज्याची परीक्षा नाही आणि ज्याला फॉर्म नाही. शाळा सीबीएसईची असेल तर विचारा, कलेचे दोन तास नववीच्या वेळापत्रकात कुठे आहेत, आणि त्यातला एक संगीताला का देता येऊ नये? आणि बोर्ड कुठलंही असो, २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा दाखला द्या. त्यात कलाशिक्षण दहावीपर्यंत सर्वांसाठी धरलं आहे. बोलणं शांतपणे, लेखी, आणि चार-पाच पालक मिळून करा. एकट्या आईचं बोलणं ‘हिच्या मुलाला गाण्याचं वेड आहे’ म्हणून बाजूला पडतं.

वेळ महत्त्वाची आहे. नवं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, वेळापत्रक मार्चमध्ये बसतं. जुलैत गेलात तर प्राचार्यांच्या मनात असलं तरी हातात काही उरत नाही. यंदासाठी फक्त प्रार्थना पेटीवर घ्या एवढंच मागा, आणि तासाची मागणी फेब्रुवारीत द्या.

‘शिक्षक कुठून आणायचा’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा. माधव संगीत महाविद्यालयातून आणि राजा मानसिंह तोमर संगीत आणि कला विद्यापीठातून शिकून निघालेली मुलं-मुली शहरात आहेत, त्यातली बरीच कामाच्या शोधात असतात. जवळजवळच्या दोन शाळांनी मिळून एक शिक्षक ठेवला, तीन दिवस इथे, तीन दिवस तिथे, तर कुणावरच फार भार पडत नाही. ठेवताना मात्र ‘कार्यक्रम बसवून देणारा’ नको, वर्ग घेणारा हवा, हे शाळेला स्पष्ट सांगा. त्याला एका नववीच्या वर्गावर पंधरा मिनिटं उभा करून बघा. कुणाचा गळा किती गोड यापेक्षा पोरं कुणापुढे तोंड उघडतात ते बघा. वाद्यांची यादी लांबलचक करू नका. शाळेत धूळ खात पडलेली पेटी दुरुस्त करून घ्या, तबल्याची पुडी बदलून घ्या, तानपुऱ्यासाठी फोनवरचं ॲप चालतं. वर्षातून एकदा मुलांना जिवाजीगंजच्या सरोदघरात न्या. सरोदवादक अमजद अली खाँच्या वाडवडिलांच्या घरात जुनी वाद्यं मांडलेली आहेत, तिथे पोरं खरंच रमतात.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला ‘गा’ म्हणू नका, आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. ‘आवाज गेला’ हे शब्द घरात कुणाच्या तोंडी येऊ देऊ नका. आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. ओरडून क्रिकेट खेळून घसा बसला असेल तर त्या दिवशी गाणं नाही. एरवी रोज दहा मिनिटं, एकट्याने, दार लावून, जिथे सहज लागेल तिथे षड्ज धरून सा ते पंचम गुणगुणायचं, बस. दुखलं की थांबायचं. वर्ष-दीड वर्ष त्याला तबल्याला बसवता आलं तर उत्तम. लय पक्की झालेला मुलगा गाण्याकडे परततो तेव्हा फार झपाट्याने पुढे जातो, हे मी पुष्कळ मुलांत पाहिलंय. क्लासच्या सरांना पहिल्याच दिवशी सांगा की आवाज फुटतोय. त्यावर त्यांनी ‘मग दोन वर्षांनी आणा’ म्हटलं तर दुसरे सर शोधा. आणि आवाज बसला असं वाटलं, म्हणजे बोलताना चिरकणं थांबून दोन-तीन महिने झाले, की त्याचा षड्ज नव्याने काढून घ्या. आधीच्या ‘काळी चार’ पट्टीला चिकटून राहू नका. पांढरी एक ते काळी दोन यांच्यामध्ये कुठेतरी तो सापडेल, आणि तो दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण पुढची दोन वर्षं तो थोडा इकडे-तिकडे सरकतो.